तबकड्यांचे तह आणि दिल्लीचे भाव

तोशिबा कंपनीने १९ फेब्रुवारी २००८ रोजी टोकियोत एचडी डीव्हीडीचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या घोषणेचे वर्णन एका महायुद्धाची समाप्ती असे केले. सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक यांचा ब्लू-रे पक्ष जिंकला, तोशिबा, एनईसी व मायक्रोसॉफ्ट यांचा पक्ष हरला, आणि घरी बसून चित्रपट पाहण्याच्या साधनाचा प्रश्न कायमचा निकालात निघाला, असा त्या लेखनाचा एकंदर सूर होता. दिल्ली आणि तिच्या भोवतालची नोएडा, ग्रेटर नोएडा, गुडगाव ही उपनगरे यांपुरते पाहता हे वर्णन फारच अपुरे ठरते. दोन्ही पक्षांना कोऱ्या तबकड्या पुरवू पाहणारा कारखाना याच प्रदेशात होता. सोनीची भारतीय कचेरी मथुरा रोडवरील मोहन सहकारी औद्योगिक वसाहतीत, मायक्रोसॉफ्टची गुडगावात, सॅमसंगचा कारखाना नोएडात आणि एलजीचा ग्रेटर नोएडात, म्हणजे साऱ्या सेनापतींच्या छावण्या एकमेकांपासून दोन-तीन तासांच्या अंतरात पडलेल्या होत्या. आणि असे असूनही, ज्या वस्तूंसाठी हे सर्व चालले होते, त्यांपैकी एकही विकत घेण्याची निकड इथल्या सामान्य गिऱ्हाइकाला वाटलेली नव्हती. खेळयंत्रे, तबकड्या आणि त्यांचे उद्योग यांविषयी गेल्या चाळीस वर्षांत जी मते मांडली गेली, त्यांचा आढावा घेताना माझे मत आरंभीच सांगून टाकतो. दिल्लीत तंत्राचा निवाडा गुणांवर क्वचितच झाला. तो झाला किमतीवर, आणि किमतीइतकाच, ती वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात किती सहजतेने जाते यावर.

गुणांचा प्रश्न आधी संपवू, कारण तो थोडक्यात संपण्याजोगा आहे. सीडी वाचणाऱ्या किरणाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या तांबड्या किरणाची ६५०, आणि नव्या दोन्ही तबकड्यांच्या निळसर-जांभळ्या किरणाची ४०५. किरण जितका सूक्ष्म तितके लेखन दाट, एवढेच यामागील तत्त्व. ब्लू-रेने लेखनाचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला आणि एका थरात २५ गिगाबाइट माहिती बसवली. एचडी डीव्हीडीने तो जुन्या डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटर खोल ठेवला आणि १५ गिगाबाइटांवर समाधान मानले. यात पहिलीची धारणाशक्ती मोठी. परंतु तिच्या पातळ कवचावर ओरखडा उठू नये म्हणून स्वतंत्र कठीण लेप द्यावा लागे व कारखान्यात नवी यंत्रसामग्री बसवावी लागे, तर दुसरी जुन्या यंत्रांवर थोड्या फेरफाराने निघत असे. तंत्रज्ञांनी यावर रकानेच्या रकाने भरले. प्रत्यक्षात पारडे फिरले ते ४ जानेवारी २००८ रोजी, वॉर्नर ब्रदर्सने यापुढे आपले चित्रपट ब्लू-रेवरच काढण्याचे ठरवले तेव्हा, आणि त्याआधी वर्षभर सोनीने प्रत्येक प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रेचे वाचनयंत्र गिऱ्हाइकाला न विचारता बसवून टाकले होते म्हणून. मायक्रोसॉफ्टने एचडी डीव्हीडीचे वाचनयंत्र एक्सबॉक्स ३६० बरोबर न देता वेगळे १९९ डॉलरना विकायला काढले. ज्या शस्त्रासाठी शिपायाला स्वतंत्र पैसे मोजावे लागतात, ते शस्त्र रणांगणावर फारसे दिसत नाही. एलजीने २००७ च्या जानेवारीत दोन्ही तबकड्या वाचणारे यंत्रही लास व्हेगासच्या प्रदर्शनात मांडले होते. पण त्याची किंमत १,१९९ डॉलर होती, आणि एवढ्या महागड्या समेटाला पक्षकार मिळणे कठीणच होते.

दिल्लीची कथा याहून बरीच जुनी आहे. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण सुरू केले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजधानीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यानिमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी संचांच्या आयातीवरील बंधने सैल झाली आणि त्यांच्यामागोमाग व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला. व्हीएचएस की बीटामॅक्स, हा वाद त्या सुमारास पाश्चात्त्य जगात ऐन भरात होता. बीटामॅक्स गुणाने सरस असूनही हरली, हे वाक्य पुढे इतक्या वेळा लिहिले गेले की त्याला सुभाषिताची कळा आली; वास्तविक आरंभीच्या बीटामॅक्स फितीवर एकच तास मावे व व्हीएचएसवर दोन, आणि चित्रपट पाहणाऱ्याच्या दृष्टीने हाही एक गुणच आहे, हे ते वाक्य लिहिणारे सोयीस्करपणे विसरतात. दिल्लीत प्रश्न कोणती फीत चांगली हा नव्हता. कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत कोणती मिळते, हा होता. शासनालाही नव्या साधनाची दखल घ्यावी लागली ती प्रतिलिपींच्या उपद्रवामुळेच: १९८४ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक चित्रफितीवर निर्मात्याचा तपशील छापण्याचे बंधन आले.

याच काळात दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज ही कंपनी काढली, नोएडात कारखाना उभारला, आणि टी-सिरीज या नावाने ध्वनिफितींचा भाव असा खाली आणला की जुन्या ग्रामोफोन कंपन्यांची मिरासदारी खिळखिळी झाली. त्यांच्या कार्यपद्धतीविषयी कोर्टात आणि बाहेर पुष्कळ बोलले गेले, आणि त्यातले बरेचसे निराधारही नव्हते. परंतु फीत ही वाण्याच्या दुकानात साबणाशेजारी ठेवून विकता येते, हा शोध त्यांचाच, आणि दिल्लीच्या परिसरातील पुढचा सारा तबकडी-व्यवहार या एका शोधाच्या छायेत वाढला. व्हीसीडीचे उदाहरण घ्या. १९९३ साली तिचे प्रमाण ठरले. तिचे चित्र व्हीएचएसच्याच तोडीचे, एका तबकडीवर ७४ मिनिटे, म्हणजे हिंदी चित्रपटाला दोन, प्रसंगी तीन तबकड्या, आणि मध्यंतराला कुणीतरी उठून यंत्राशी जायचे. अमेरिकेने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. डीव्हीडीसाठी तिथे १९९५ मध्ये सोनी-फिलिप्स आणि तोशिबा-टाइम वॉर्नर या दोन तटांत आयबीएमच्या मध्यस्थीने रीतसर तह झाला, आणि पुढची दहा वर्षे तिथे शांततेत गेली. इकडे मात्र व्हीसीडी डीव्हीडीच्या बरोबरीने, पुष्कळ घरांत तिच्या पुढे, दशकभर नांदली, कारण ती स्वस्त होती, तिचे यंत्र स्वस्त होते, आणि ती कोणत्याही देशातून आली तरी वाजत असे. डीव्हीडीने जगाचे विभाग पाडले, भारताला पाचव्या विभागात टाकले, आणि न्यू जर्सीहून येणाऱ्या भाचीने प्रेमाने आणलेली पहिल्या विभागाची तबकडी मामाच्या यंत्राने नाकारावी, अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था गैरलागू करून दिलेली यंत्रे दिल्लीच्या बाजारात मागाल तितकी मिळत. ग्राहकाने कायद्याची पायमल्ली केली, असे यावर म्हणता येईल. ज्याने विकत घेतलेली वस्तू पाहण्याचा हक्क भूगोलावर अवलंबून ठेवला, त्यानेही औचित्याची काही कमी पायमल्ली केली नव्हती, असे मी म्हणेन.

खेळयंत्रांचा इतिहास लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटात सुरू होतो. निन्टेंडोच्या आठ-बिट यंत्राचा परवानाप्राप्त अवतार सामुराई या नावाने भारतात आला होता खरा, पण १९९०च्या दशकातील मुलांनी मारिओ आणि काँट्रा खेळले ते बहुतांशी त्याच्या निनावी नकलांवर, आणि एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची जी ग्वाही वेष्टनावर छापलेली असे, तीत एकाच खेळाची नावे बदलून केलेली भरती असे. कॅनॉट प्लेसखालचा वातानुकूलित पालिका बाजार हे पुढच्या पिढीचे तीर्थक्षेत्र. तिथे प्लेस्टेशन २ विकत घेणारा पहिला प्रश्न विचारी तो चिप बसवलेली आहे का, हा. कारण चिप असली की प्रतिलिपी चालत, आणि प्रतिलिपी अस्सल खेळाच्या किमतीच्या अल्पांशात मिळत. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींनी कुप्रसिद्ध बाजारांच्या आपल्या यादीत नेहरू प्लेसचे आणि पालिका बाजाराचे नाव घातले, यात त्यांची माहिती चुकीची नव्हती.

आता २००६ व २००७ ही दोन वर्षे पाहा. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ च्या सप्टेंबरात आला. अक्षय कुमार आणि युवराज सिंग त्याच्या जाहिरातींत होते. प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये आला तो ३९,९९० रुपयांना. अमेरिकेत तेच यंत्र ५९९ डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने पंचवीस हजारांच्या आसपास मिळत होते. मधल्या पंधरा हजारांत जकात होती, कर होते, वाहतूक होती, आणि ही वस्तू श्रीमंतांचीच, असे विक्रेत्यांनी मनाशी धरलेले गृहीतकही होते. परंतु किमतीहून महत्त्वाचा भेद तबकडीत होता. एक्सबॉक्सचे खेळ दोन थरांच्या डीव्हीडीवर येत, तिचे कोरे प्रतिरूप नेहरू प्लेसमध्ये गठ्ठ्याने मिळे, आणि यंत्राच्या वाचनयंत्रातील आज्ञावली बदलून देणारे कारागीर त्याच गल्लीत बसत; प्लेस्टेशन ३ चे खेळ ब्लू-रेवर, तिची कोरी तबकडी महाग, आणि यंत्राचे कुलूप २०१० पर्यंत कुणालाही फोडता आले नव्हते. अर्थात ज्या वैशिष्ट्यामुळे ब्लू-रे हॉलिवूडच्या दृष्टीने श्रेष्ठ ठरली, नेमक्या त्याच वैशिष्ट्यामुळे ती पालिका बाजाराच्या दृष्टीने निकृष्ट ठरली. २००९ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने असा फेरफार केलेल्या असंख्य यंत्रांना आपल्या ऑनलाइन सेवेतून हद्दपार केले, तेव्हा कुठे या हिशोबाची दुसरी बाजू लोकांच्या ध्यानी आली. त्याच यंत्राच्या दर्शनी भागावर तीन लाल दिवे लागून ते मरण पावे; त्या दोषासाठी कंपनीला २००७ मध्ये तीन वर्षांची हमी आणि शंभर कोटी डॉलरांहून अधिक तरतूद जाहीर करावी लागली होती.

आणि ज्या वेळी जगात या दोन यंत्रांची तुलना चालली होती, त्या वेळी भारतात खुद्द सोनीचा भरवसा कशावर होता? जुन्या प्लेस्टेशन २ वर! हैदराबादच्या ऑरोना कंपनीने ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ २००९ मध्ये काढला तो त्याच यंत्रासाठी, ‘डॉन २’ चित्रपटावरचा खेळ २०१३ मध्ये आला तोही त्याच यंत्रासाठी, म्हणजे त्या यंत्राचे उत्पादन थांबल्याचे सोनीने त्याच वर्षाच्या आरंभी जाहीर केल्यानंतर. समीक्षकांनी या खेळांची यथेच्छ टवाळी केली व ती कलेच्या अंगाने योग्यही होती. पण गिऱ्हाईक कुठे उभे आहे, हे त्या टवाळखोरांपेक्षा सोनीच्या मथुरा रोडच्या कचेरीला अधिक चांगले ठाऊक होते.

या सर्व प्रकरणातील खरा नायक, किंवा शोकनायक, म्हणजे मोझर बेअर. दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये दिल्लीत काढलेली ही कंपनी आरंभी कामगारांच्या हजेरीच्या वेळेची नोंद करणारी घड्याळे करीत असे. स्वित्झर्लंडमधील सुमिसवाल्ड गावच्या ज्या घड्याळ कंपनीशी तिचे तांत्रिक सहकार्य होते, तिचेच नाव हिने घेतले. १९८८ मध्ये ती फ्लॉपीकडे वळली, १९९९ मध्ये कोऱ्या सीडीकडे, आणि पाहता पाहता जगातील अग्रगण्य तबकडी-उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. नामांकित परदेशी कंपन्यांची छाप असलेल्या कितीतरी कोऱ्या तबकड्या वास्तविक ग्रेटर नोएडा-नोएडाच्या धुळीपासून काटेकोरपणे विलग ठेवलेल्या दालनांत जन्मत होत्या. युरोपीय संघाने २००३ मध्ये भारतीय कोऱ्या सीडीवर ७.३ टक्के प्रतिशुल्क बसवले, यावरूनच तिची धास्ती किती होती ते कळते. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांचा झगडा सुरू झाला तेव्हा मोझर बेअरने दोन्ही प्रकारांची तयारी केली, आणि २००७ मध्ये फिलिप्सची तबकडी-संशोधन करणारी ओएम अँड टी ही उपकंपनीही विकत घेतली. कोण जिंकेल याची पैज न लावता दोघांनाही माल पुरवावा, हे धोरण व्यापाराच्या दृष्टीने निर्दोष होते. तिसऱ्याच कुणाचा विजय होईल, ही शक्यता मात्र त्यात धरलेली नव्हती.

परंतु त्या कंपनीचे माझ्या मते सर्वांत धाडसी कृत्य संशोधनाचे नव्हते, किमतीचे होते. चित्रपटाची अधिकृत डीव्हीडी शेकड्यांच्या भावात विकली जात असताना तिने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, अनेक भारतीय भाषांतील हजारो चित्रपटांचे हक्क घेतले, आणि माल किराणा-स्टेशनरीच्या दुकानांतही ठेवला. चोरीच्या मालाशी लढायचे ते पोलिसी छाप्यांनी नव्हे तर चोरालाही परवडणार नाही अशा भावाने, ही त्यामागची भूमिका गुलशन कुमारांच्या शाळेतली होती, फक्त या वेळी हक्क रीतसर विकत घेतलेले होते. महाराष्ट्रापासून दूर, पहाडगंज-करोलबागेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, ज्यांच्या शहरात मराठी चित्रपट एरवी मंडळाच्या कार्यक्रमापुरताच दिसायचा, या स्वस्त तबकड्यांचे मोल विशेष होते. भारतीय ग्राहक स्वभावतःच चोरीचा माल घेतो, असे ठामपणे लिहिणाऱ्या अर्थपंडितांनी या एका प्रयोगाचा पुरेसा विचार कधी केला नाही. चौतीस रुपयांत सचोटी विकत मिळत असेल तर लोक ती घेत. चारशे रुपयांत घेत नसत, एवढेच.

तरीही कंपनी बुडाली. सौरऊर्जेच्या कारखान्यांत तिने कर्ज काढून पैसा ओतला आणि चिनी मालाने भाव कोसळवले. पेनड्राइव्हने कोऱ्या तबकडीची गरज संपवली. २०१२ मध्ये परदेशी रोख्यांची परतफेड चुकली. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबरात जिओ आले, आणि नोएडाच्या मेट्रोत उभ्याने चित्रपट पाहणारा माणूस हे नेहमीचे दृश्य झाले. २०१७ च्या नोव्हेंबरात प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेले. पुढले वर्ष या प्रदेशाच्या औद्योगिक बखरीत वेगळ्या शाईने लिहावे असे आहे. ९ जुलै २०१८ रोजी नोएडात सॅमसंगच्या विस्तारित मोबाइल कारखान्याचे उद्घाटन दोन राष्ट्रांच्या प्रमुखांनी केले. तीनच दिवसांनी, १२ जुलैला, दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने फिलिप्सच्या डीव्हीडीविषयक एकस्वाचा निकाल दिला. आणि सप्टेंबरात मोझर बेअरच्या परिसमापनाचा हुकूम झाला.

त्या मधल्या निकालाकडे तंत्रवार्ता लिहिणाऱ्यांनी फारसे लक्ष दिले नाही, कारण त्यात नवे यंत्र नव्हते. माझ्या दृष्टीने सबंध विषयाची किल्ली तिथे आहे. तबकडीवरील संकेतांचे पुन्हा माहितीत रूपांतर करण्याच्या एका रीतीवर फिलिप्सचे भारतीय एकस्व होते. सुटे भाग आणून डीव्हीडी यंत्रे जुळवणाऱ्या दिल्लीकडच्या छोट्या उद्योगांवर तिने २००९ मध्ये दावे लावले. आणि न्यायालयाने दावा दाखल झाल्यापासून २७ मे २०१० पर्यंत प्रत्येक यंत्रामागे ३.१७५ डॉलर, त्यानंतर १.९० डॉलर, असे स्वामित्वशुल्क ठरवले, तेही १२ फेब्रुवारी २०१५ पर्यंतच, कारण त्या दिवशी एकस्वाची मुदत संपली होती. ज्या वस्तूवर निकाल झाला, ती वस्तू निकालापूर्वीच बाजारातून उठत चालली होती. अशा वसुलीची रीत जुनीच: पेशवा बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये चौथाईच्या सनदा दिल्लीहूनच आणल्या. सनद हाती असली की मुलूख प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे याची फिकीर करण्याचे कारण उरत नाही, वसूल येत राहतो. दोन तबकड्यांपैकी कोणती श्रेष्ठ, हा वाद जो प्रेक्षक पोटतिडकीने घालत होता, त्याच्या गावीही नव्हते की प्रत्यक्ष तंटा या प्रतिनगी वसुलीचा आहे, आणि तो तंटा जिंकण्यासाठी सोनीने आपल्या खेळयंत्राची आघाडी पणाला लावली आहे. प्लेस्टेशन २ पंधरा कोटींहून अधिक खपले होते. प्लेस्टेशन ३ नऊ कोटींच्या आतच राहिले, आणि त्या फेरीत निन्टेंडोचे वी हे यंत्र, ज्यात उच्च चित्रस्पष्टतेचा गंधही नव्हता, दहा कोटींच्या पुढे गेले. म्हणजे तबकडीचा विजय खेळयंत्राच्या खात्यातून चुकता केला गेला.

आज तबकडीच नको, असे म्हणणारे मत प्रबळ आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, जगाच्या अडीच महिने मागून. दिल्लीतील एका गृहस्थाने ‘पीएस५’ या व्यापारचिन्हाचा अर्ज सोनीच्या आधीच दाखल करून ठेवल्याची गंमतही त्या सुमारास वृत्तपत्रांत आली. तबकडीसह यंत्र तेव्हा ४९,९९० रुपयांना होते, तबकडीविना ३९,९९०. खेळयंत्रांवरील वस्तू-सेवा कर २०१९ च्या आरंभी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, पण सीमाशुल्क त्याआधीच्या वर्षी दहावरून वीस टक्के झाले होते, तेव्हा एका हाताने दिलेले दुसऱ्याने आधीच काढून घेतले होते. पाश्चात्त्य लेखकांच्या हिशोबी तबकडीविना यंत्र सुटसुटीत व स्वस्त. दिल्लीचा हिशोब वेगळा. नवा खेळ तेव्हा ४,९९९ रुपयांचा होता. तो संपल्यावर विकता येतो, बदलता येतो, धाकट्या आतेभावाला देता येतो. असे तीन-चार खेळ हातावेगळे झाले की दहा हजारांचा फरक भरून निघतो, आणि पुढची सारी वर्षे नफ्याची. जालावरून उतरवलेल्या खेळाला पुनर्विक्री नाही, उसनवारी नाही, वारसा तर नाहीच. जो बाजार एके काळी अमेरिकेच्या काळ्या यादीत गेला, त्याच बाजारात आज अस्सल, कायदेशीर, वापरलेल्या तबकड्यांची अदलाबदल चालते, आणि तीवर आक्षेप घेण्यासारखे काहीही नाही. फक्त उत्पादकाला तिच्यातून दुसऱ्यांदा काही मिळत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ प्रो हे यंत्र बाहेर पडले, ६९९ डॉलरना, तबकडीच्या वाचनयंत्राविना; ते हवे असेल तर वेगळे घ्यायचे. भारतात ते तेव्हा आले नाही. कारण तबकडीशी निगडित नाही. त्यातील नव्या बिनतारी जोडणीला लागणारा सहा गिगाहर्ट्‌झचा पट्टा इथे खुला झालेला नव्हता, आणि तो खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार खात्याने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. परवान्याचा अडसर दूर झाल्यावरही त्या यंत्राचा दिल्लीतील खप त्याच्या चित्रशक्तीपेक्षा, वेगळे विकल्या जाणाऱ्या त्या वाचनयंत्राचा साठा दुकानदार किती ठेवतो यावर अवलंबून राहील, असा माझा अंदाज आहे.